दिनानाथ मोकलची द्राक्षांची गाडी

कुठल्या द्राक्षमळ्यात दुपारची सावली कुठे पडते, हे दिनानाथ मोकलने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. दिंडोरीकडच्या मळ्यात फाटकाशी जुनी चिंच होती. तिच्याखाली गाडी लावली की ऊन कलेपर्यंत चिंता नाही. धरणाकाठच्या मळ्यात झाड नव्हतं, पण पाण्याच्या टाकीमागे एका गाडीपुरता गारवा मिळायचा. जुन्नरच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथे ट्रॅक्टरवाल्याशी आधी चार गोड शब्द बोलून ठेवावे लागत.

पाहुणे आत जायचे. उंच दांड्याच्या ग्लासात बोटभर वाईन घेऊन गोल गोल फिरवायचे, नाक घालून वास घ्यायचे आणि डोळे मिटून 'पेरू', 'ओली माती', 'लवंग' असं काय काय म्हणायचे. मोठ्या काचेतून ते सगळं बाहेर दिसायचं. बाहेर दिनानाथ गाडीच्या पायरीवर बसायचा आणि बायजाने बांधून दिलेला डबा उघडायचा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, पांढऱ्या कांद्याची फोड.

असे बारा हिवाळे गेले.

चौल ओलांडून खाडीकडे वळलं की मोकलांची आळी लागते. दिनानाथ तिथला. बापाची भातशेती थोडी, भाऊ जास्त. म्हणून विशीतच तो पेणकडच्या मिठागरांवर गेला आणि मिठाच्या ट्रकवर गाडी शिकला. मग बंदरातले मोठे ट्रेलर चालवले. पाठ बोलायला लागली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने मुंबईच्या हेमाली शहांकडे लागला. हेमालीताईंचा धंदा द्राक्षमळ्यांच्या सहली काढायचा. वीस माणसांची गाडी, तीन-चार दिवस, प्रत्येक मळ्यावर वाईन चाखायची आणि तिच्याबरोबर जुळेल असं काहीबाही खायचं. कुठे ठेच्याचं चीज, कुठे साबुदाणे वडे, कुठे काळ्या मसाल्याचं मटण.

दिनानाथ बुटका, रुंद, कमी बोलणारा. पण गाडी चालवताना मात्र बोलायचा. दुपारनंतर पाहुण्यांचे डोळे जड झालेले असत, डोकी काचेवर आपटत. म्हणून तो वळण यायच्या आधीच, आजारी माणसाला सांगावं तसं हळू सांगायचा, "डावीकडं वळतोय हां... आता उजवीकडं..." एका पाहुण्या बाईंनी एकदा म्हटलं होतं, की त्या वाईनपेक्षा या आवाजाने लवकर झोपतात.

आळीतले लोक त्याच्या गाडीला 'दारूची गाडी' म्हणायचे. दिनानाथ दर वेळी न चिडता दुरुस्त करायचा, "द्राक्षांची." समोरचा हसायचा आणि दिनानाथ पुढे जायचा. बाहेरच्यांनी काही म्हणावं, त्याचं त्याला फार नव्हतं. खरी अडचण घरात होती.

बायजाचा मोठा भाऊ गणराज दारूत गेला. हातभट्टीची दारू, गूळ आणि नवसागराची. उमदा माणूस होता. गणपतीत नाचायला लागला की ढोलकीवाला दमायचा. शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या अंगाचा वास आधी यायचा, माणूस मागून. तो गेला त्याच वर्षी आळीतल्या बायका भर दुपारी खाडीकडेच्या भट्टीवर चालून गेल्या आणि पिंपं फोडली. पुढे होत्या जनीबाय, आळीतल्या सगळ्यांच्या वडीलधाऱ्या, आणि त्यांच्या शेजारी कमरेला पदर खोचलेली बायजा. पहिली काठी बायजाने घातली. ते पाणी खाडीत गेलं तेव्हा मासे उलटे होऊन वर आले, असं जनीबाय अजून सांगतात. खरंखोटं त्या माशांना ठाऊक.

घरी आल्यावर बायजाने नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, "मना दागिना नको, बंगला नको. या घरात त्याचा वास नको."

दिनानाथने मान हलवली. आणि त्यानंतर काही वर्षांनी हा माणूस वाईनच्या गाडीवर लागला!

बायजा भांडली नाही. भांडणाऱ्या बाईचं एक बरं असतं, तिचं मन तरी कळतं. बायजा डबा करून द्यायची. चार दिवसांनी तो परत आला की अंगातला सदरा मागून घ्यायची आणि भिजत टाकण्याआधी क्षणभर नाकाशी धरायची. दिनानाथला ते दिसायचं. तो मोरीत पाय धुवायला जायचा. इतक्या वर्षांत 'तुमी पिताव का?' असं तिने विचारलं नाही, आणि 'मी पीत न्हाय' असं त्याने सांगितलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायला गेलं, की ते उत्तर खोटंच वाटतं.

यंदा दिनानाथच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड आता फुटून पसरायचा. त्याने हेमालीताईंना सांगून टाकलं, की शिवरात्रीनंतरची फेरी शेवटची. त्या म्हणाल्या, "मग त्या फेरीला काकींना घेऊन या. पुढची सीट त्यांची."

दिनानाथच्या मनात नेमकं तेच होतं. त्याला आयुष्यात फार काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं, हे एक सोडून. पहाटे पाहुणे झोपलेले असत तेव्हा तो मळ्याच्या कडेने फिरून यायचा. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा टेकडीपर्यंत गेलेल्या, पानांवर दव, खाली काळे घोस. पहिल्या वर्षी तो तिथे उभा राहिला आणि सहज बाजूला वळून म्हणाला, "बघ." बाजूला कोणी नव्हतं. चांगली जागा एकट्याने बघायला त्याला कधी जमलंच नाही. लग्न झालं तेव्हा ही दोघं बायजाच्या माहेरी खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून चालत जायची. ती पुढे, तो मागे, आणि बगळा दिसला तरी दोघांनी थांबून बघायचं. त्या बांधावर आता कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण आहे.

दर वर्षी तो विचारायचा. दर वर्षी बायजा सांगायची, "दारूच्या गावाला मी पाय ठेवायची न्हाय." यंदा शेवटची फेरी. आता नाही आली, तर कधीच नाही.

पोपटीचं, म्हणजे शेतात मडकं लावून त्यात भाजायच्या जेवणाचं, निघालं ते डब्यावरून. डिसेंबरात जुन्नरच्या मळ्यावर एक पाहुणा, प्रणय नावाचा, चीजला कंटाळून बाहेर आला. हातात पांढऱ्या वाईनचा ग्लास. दिनानाथ जेवत होता. पोराने वास घेतला आणि विचारलं, "काका, काय आहे हे?" दिनानाथने भाकरीच्या तुकड्यावर सुकट ठेवून दिली. प्रणयने खाल्लं, वर एक घोट घेतला, आणि आत धावत जाऊन हेमालीताईंना ओढत घेऊन आला. पाहता पाहता गाडीच्या पायरीशी घोळका जमला आणि दिनानाथ त्या दिवशी उपाशी राहिला. हेमालीताई बोटं चाटत म्हणाल्या, "काका, आपली सहल समुद्रावर का नाही संपवायची? सगळ्या मळ्यांची एकेक बाटली घेऊन येऊ. जेवण तुमच्याकडचं."

दिनानाथच्या तोंडून निघून गेलं, "जानेवारीत या. पोपटी लावू."

बोलून गेला आणि मग त्याला बायजा आठवली.

घरी सांगितलं तेव्हा बायजा वाल सोलत होती. हात थांबला नाही.

"कोन कोन येनार?"

"हेमालीताई, धा-बारा पावनी. आन् दिंडोरीची सुचिता. मळ्यावर रांधायला असते ती. तिनं समुंदर बघितला न्हाय कवा."

"आन् बाटल्या."

"आन् बाटल्या," दिनानाथ म्हणाला.

बायजाने दोन-तीन शेंगा सोलल्या. "घरात न्हाय. आंगनात न्हाय. खाडीवरच्या शेतात काय करायचं ते करा. मडका मी भरून दीन. पोपटी मोकलांची म्हनतील, ती वायट व्हायला नको. पन मी येनार न्हाय, आन् आलीत कुनाला कलायला नको."

दिनानाथला तेवढंही पुष्कळ वाटलं. त्याच्या मनात एक वेडी आशा होती, की ही माणसं तिला दिसली, निदान सुचिता तरी भेटली, तर गाठ थोडी सैल होईल.

पूर्वी पोपटी म्हणजे कुणाला सांगायची गोष्टच नव्हती. भात झोडून झालं, वाल भरले, थंडी पडली, की शनिवारी कारखान्यातून आणि मुंबईहून आलेले पुरुष एखाद्याच्या शेतात मडकं लावायचे. आळीचा दंडक एकच : ज्याला धूर दिसला तो पाहुणा. बोलावणं नाही, आणि आलेल्याला परत धाडणं नाही. येणारा मात्र रिकाम्या हाताने यायचा नाही. मूठभर शेंगा, दोन अंडी, एखादं रताळं, जे असेल ते. एक मडकं उतरलं की दुसरं चढायचं. हल्ली शेतं कमी, माणसं त्याहून कमी. हौशी लोक पाहुण्यांना पैसे घेऊन पोपटी खिलवतात, आणि तिथे धुरामागून कोणी येत नाही.

शनिवार आला. भांबुर्ड्याचा पाला शोधण्यात दिनानाथची सगळी सकाळ गेली. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. या पाल्याच्या ओलीवरच सगळं शिजतं आणि त्याचाच वास शेंगेला लागतो. पूर्वी बांधावर पायाखाली तुडवला जायचा. आता कुंपणांच्या कडेने थोडा थोडा गोळा करावा लागला. बायजाने मडक्याच्या तळाशी पाला अंथरला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च दाबलं. मग मडकं त्याच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

पाहुणे चारच्या सुमाराला नागावहून आले. तिथल्या घरगुती लॉजवर त्यांची सोय होती. सुचिता गाडीतून उतरली ती ओली होती. पन्नाशीची, उंच, करड्या केसांची बाई. पण लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला आणि तोंडावर लहान मुलीचं हसू. "मोकलभाऊ, पाणी मागं ओढतंय हो!" ती म्हणाली. "पायाखालची वाळूच नेली माझी!"

हेमालीताईंनी रीतसर परवाना काढला होता. पांढरा कपडा घातलेल्या टेबलावर त्यांनी बाटल्या मांडल्या, मळ्यांच्या क्रमाने. दिनानाथने शेताच्या पार पूर्वेच्या टोकाला, खाडीला लागून, मडकं उपडं घातलं. त्यावर पेंढा, पालापाचोळा, लाकडं. जागा त्याने विचार करून निवडली होती. वारा समुद्रावरून येत होता. धूर खाडीपलीकडे जाईल, आळीला पत्ता लागणार नाही.

दिवस मावळला आणि त्याने जाळ लावला.

धूर आधी खाडीकडे गेला. मग सरळ वर उभा राहिला. मग, एखादं माणूस विसरलेलं आठवून मागे वळावं तसा, तो आळीकडे वळला.

दिनानाथने कपाळावर हात मारला. मतलई! थंडीच्या दिवसांत सूर्य बुडाला की वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे जातो. आळीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. बारा हिवाळे हा माणूस घाटावर सावल्या शोधत फिरला आणि आपल्या गावचा वारा विसरला.

वीस-पंचवीस मिनिटांत बांधावर माणसं दिसू लागली. पुढे काठी टेकत जनीबाय. मागे सात-आठ बायका, दोन-चार म्हातारे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कुणाच्या पदरात शेंगा, कुणाच्या वाटीत अंडी.

"काय वो भावजी!" जनीबायने लांबूनच हाक दिली. "पोपटी लावताव आन् आलीला सांगत न्हाय? मेलाव का आमी?"

"न्हाय वो वयनी... पावनी व्हती, म्हनून..."

"मंग आमी कोन? धूर दिसला, आलो." जनीबाय जवळ आल्या, आणि त्यांची नजर पांढऱ्या टेबलावर गेली. त्या थांबल्या. मागच्या बायकाही थांबल्या. "आन् ह्या?"

हेमालीताई हसून पुढे झाल्या. "वाईन आहे, मावशी. द्राक्षांची."

"द्राक्षांची असू दे न्हायतर गुलाची. बाटली ती बाटली." जनीबायचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की आळीत सगळे घाबरायचे. "भावजी, भट्टीवर पयली काठी कुनी घातली? ईसरलाव?"

बायजाने एवढी काळजी घेतली होती. तिच्याच शेतात, तिच्याच बायकांसमोर हे व्हावं! आता ती शेवटच्या फेरीला येणं सोडाच. उद्यापासून नळावर मान वर करून उभी राहिली तरी पुष्कळ.

तेवढ्यात बांधावरून बायजा येताना दिसली. कमरेवर मडकं. मागच्या दारातून तिने धूर वळलेला पाहिला असणार, बायका जाताना पाहिल्या असणार, आणि एका मडक्यात एवढ्यांचं भागायचं नाही, हे तिच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं असणार. तिने मडकं खाली ठेवलं, घाम पुसला.

"जनीबाय, पावन्यांसमोर आवाज नको. काय सांगायचं ते मना सांगा."

"तुलाच सांगतंय. आपुन भट्टी फोडली ती यासाठी?"

"घरात मी येऊ दिली न्हाय," बायजा म्हणाली. "शेतात येऊ दिली. मना ईचारून आली ती. ह्यांना बोलू नका."

दिनानाथ तिच्याकडे बघत राहिला. बघायचंसुद्धा नाही म्हणणारी बाई, सगळं आपल्या अंगावर घेऊन उभी होती.

जनीबाय सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी काठीने दिनानाथकडे दाखवलं. "आन् हा? हा पितो?"

बायजाने तोंड उघडलं. आणि मिटलं.

क्षणभराचीच गोष्ट. दुसऱ्या कुणाला कळलीही नसेल. पण दिनानाथला ती सुरीसारखी लागली. तिला 'न्हाय' म्हणायचं होतं, आणि खात्रीने म्हणता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने तिला ते एक वाक्य कधी दिलंच नव्हतं. आता दिलं असतं तर बायकांसमोर बचाव केल्यासारखं झालं असतं.

"मी सांगू का, ताई?" मागून आवाज आला. सुचिता होती. ओल्या लुगड्याने पुढे आली आणि बायजासमोर उभी राहिली, जनीबायसमोर नाही. "माझ्या सैपाकघराची खिडकी अन् यांची चिंच समोरासमोर हाये. बारा वर्सं बघते मी. एकडाव आमचा मालक सोता ग्लास घेऊन बाहेर आला. म्हणला, 'मोकल, आज तरी घ्या.' हे म्हणले, 'गाडी हाय.' मालक म्हणला, 'अहो, आज मुक्काम हाये, सकाळपातूर गाडी हलायची नाही.' तव्हा हे काय म्हणले ठाऊक हाये?"

"काय?" जनीबायनेच विचारलं.

"म्हणले, 'गाडी नसली तरी बायको हाय.'"

आधी एक म्हातारा हसला. मग बायका फुटल्या. जनीबाय काठीवर रेलून इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अगो बायजे! घाटावर पन तुझा धाक!"

"मी काय ह्यांना दावनीला बांधलाय?" बायजा म्हणाली, पण तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता, आणि तिने पदर उगाच दोनदा सारखा केला. दिनानाथ जाळाकडे बघत उभा होता. लाकडं पुढे सारायची काही गरज नव्हती, तरी तो ती सारत होता.

"मडका बघा आधी," ती त्याला म्हणाली. "करपवाल."

त्याने लाकडं बाजूला करून मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र करून थेंब उडून गेले. झालं होतं. ओल्या पोत्यांनी धरून त्याने मडकं उचललं आणि केळीच्या पानांवर रिकामं केलं. भांबुर्ड्याची आणि ओव्याची वाफ उठली तशी मुंबईची मंडळी पुढे सरकली. दुसरं मडकं भरायला बायका बसल्या. बायजाच्या एका बाजूला जनीबाय, दुसऱ्या बाजूला सुचिता.

मग खाणं सुरू झालं आणि ओळख आपोआप होत गेली. प्रणयने पांढरी वाईन वालाच्या शेंगांबरोबर घेतली, आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाबरोबर पुन्हा घेऊन पाहिली. तांबडी कोंबडीबरोबर चांगली की भाजल्या बटाट्याबरोबर, यावर दोन पाहुण्यांची जुंपली. हेमालीताईंना फेसाळती वाईन उकडलेल्या अंड्याबरोबर आवडली, आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. बाटल्या टेबलाच्या त्या बाजूला राहिल्या, बायका या बाजूला. कोणी कोणाला आग्रह केला नाही. जनीबायने मात्र हेमालीताईंना बोलावून शेंग दातांत धरून दाणे कसे ओढायचे ते शिकवलं. "तुमचा काटा-चमचा ठेवा बाजूला. दात कशाला दिलेत देवानं?"

इकडे सुचिता आणि बायजा बोलत होत्या. बायजा विचारत होती, सुचिता सांगत होती. ऑक्टोबरात छाटणी. मग फुटवे काढायचे. अवकाळी पाऊस आला की रात्र रात्र झोप नाही. घोस सडला की वर्ष गेलं. वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांहून बारीक, सालीला जाड, बी मोठी. काढणी पहाटे, गारव्यात, बायकाच करतात.

"हाताला काय व्हतं?" बायजाने विचारलं.

सुचिताने तळवे दाखवले. जुन्या कात्रीचे वळ होते. बायजाने आपला तळवा शेजारी धरला. विळ्याचे वळ होते.

"भात कापनी," ती म्हणाली. "सारकाच की."

थोड्या वेळाने हेमालीताई जवळ येऊन बसल्या, हातातला ग्लास खाली ठेवला. तांबड्या वाईनचा. बायजा त्या ग्लासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वास घेऊ?"

हेमालीताईंनी ग्लास पुढे केला. बायजाने तो दोन्ही हातांनी धरला. हेमालीताईंसारखा फिरवला नाही. देवाचं तीर्थ घेतात तसा जवळ आणला आणि वास घेतला. दिनानाथ दुसऱ्या मडक्याशी होता, पण त्याचे कान इकडेच होते.

"गनादादाच्या अंगाला असा वास नव्हता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "तो वायला, येगला." पुन्हा नाकाशी नेला. "झाडाखाली पडलेली जांभलं असतात ना, उन्हात तापलेली... तशी." आणि ग्लास परत दिला.

जनीबाय ऐकत होत्या. "मंग? पिनार का आता?"

"छा! बाटली ती बाटली," बायजा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण ते हसणं पूर्वीचं होतं, भट्टी फोडून आल्यावर, नळावर पाय धुताना दोघी हसल्या होत्या तसं. गणराज नाचायचा तेव्हाच्या दिवसांचं थोडं बोलणं निघालं. त्याच्या नाचाची एक नक्कल जनीबायने बसल्या बसल्या हातांनीच करून दाखवली, आणि बायजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. धूर होताच.

पाहुणे नागावला गेले. आळी पांगली. दिनानाथ आणि बायजा दोन रिकामी मडकी घेऊन बांधावरून परत निघाली, ती पुढे, तो मागे. अर्ध्या वाटेवर ती न वळता म्हणाली, "मना सांगायचा व्हता."

"तू ईचारलास न्हाय."

"मी ईचारलं न्हाय म्हनून तुमी सांगायचा न्हाय?" ती चालत राहिली. "बारा वरसं सदरं हुंगले मी. कुत्र्यावानी."

"चुकलो," तो म्हणाला.

"मी पन," बायजा म्हणाली. मग घर दिसायला लागलं.

चार दिवसांनी डबा बांधताना तिने विचारलं, "तिकडं थंडी किती असते?"

दिनानाथ सदऱ्याची बटणं लावायचा थांबला. "पहाटंची लय."

"शाल लागंल?"

"लागंल."

"मी दारू बघाया येनार न्हाय," बायजा डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "सुचितानं बोलवलंय. द्राक्षं कशी काढतात ती बघायची हायत. ऱ्हायला तिच्याकडंच ऱ्हाईन. तुमच्या त्या काचेच्या खोलीत मी शिरनार न्हाय."

"नको शिरू."

"हसताव काय?"

"न्हाय," दिनानाथ म्हणाला, पण तो हसत होता.

शिवरात्रीनंतरच्या शुक्रवारी पहाटे गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती. बायजा आली ती नवं लुगडं नेसून, आणि खांद्याला एक भली मोठी पिशवी. दिनानाथने पिशवी घेतली आणि वासावरून लगेच ओळखलं.

"सोडे?"

"सोडे, सुकट, थोडे बोंबील. सुचिताला. रिकाम्या हातानं जाऊ काय?"

"आगो, मुंबईत पावनी बसतील गाडीत. बंद गाडी, एसी..."

"मंग?" बायजा म्हणाली. "एवढी वास घेनारी मानसं तुमची. घेऊ दे."

जनीबाय दारात उभ्या होत्या. "भावजी, दारूची गाडी जपून न्या!"

"द्राक्षांची," बायजा म्हणाली, आणि पुढच्या सीटवर चढून बसली. आत बसल्यावर हात कुठे ठेवावेत तिला कळेना. तिने ते मांडीवर घट्ट धरले. दिनानाथने गाडी चालू केली. चौल मागे पडलं, नारळीच्या वाड्यांमधून उजाडायला लागलं. हात थोडे सैल झाले. डाव्या हाताला एका पाणथळ शेतात बगळ्यांचा थवा उतरला होता. तिने काचेला बोट लावलं. दिनानाथने गाडी हळू केली, मग आणखी हळू केली, आणि बगळे राहिले बाजूला, तो तिच्याकडेच बघत राहिला.

"पुढं बघा," बायजा म्हणाली. "माझ्याकडं काय बघताव?"